चौसष्ट हजारांचं माप

उचगाव म्हटलं की काहींना बेळगावजवळचं आठवतं. आमचं उचगाव करवीर तालुक्यातलं, कोल्हापूरला खेटून असलेलं. इथून पुणे-बंगळूर महामार्ग जातो आणि मिरजेची रेल्वेही. आपल्या टेलिफोनच्या इतिहासातल्या दोन पहिल्या गोष्टी याच महामार्गावर घडल्या. १९७९ साली पुण्यात दोन एक्स्चेंजांना जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा सुरू झाली. १९८६ साली बेळगावच्या पुढे कित्तूरला सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज बसलं, १२८ जोडण्यांचं. काचेचा तंतू एकीकडे, खेड्यातला फोन दुसरीकडे. या दोघांची गाठ आमच्या दारात पडायला किती वर्षं गेली, ते मला वेगाच्या आकड्यांतच नीट वाचता येतं.

फायबर आलं ते फोनवरचं बोलणं वाहायला. म्हणून त्याचं मापही बोलण्याचंच. माणसाच्या आवाजातला ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा फोनला पुरतो. तो सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा आणि प्रत्येक मोजणी आठ बिटांत लिहायची. झाले सेकंदाला ६४,००० बिट, म्हणजे एक कॉल. शेराची पायली आणि पायलीचा मण व्हावा तशी पुढची मापं यातूनच झाली. अशा एकेका कॉलचे ३२ कप्पे एकत्र केले की २.०४८ एमबीपीएस. त्यातला एक कप्पा ताल जुळवायला आणि एक घंटी-नंबराच्या निरोपांना ठेवला की बोलण्यासाठी उरतात ३०. टेलिफोनवाले याला नुसतं ‘टू एमबी’ म्हणतात.

खरी अडचण होती ती एका मापातून दुसऱ्यात जाण्याची. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना ती मिरजेवरून चटकन कळेल. १८९१ ला सुरू झालेला मिरज-कोल्हापूर मार्ग १९७१ ला मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला. त्यानंतरही मिरजेत तिन्ही मापांचे रूळ होतेच: कोल्हापूर-पुण्याचे रुंद, बेळगाव-लोंड्याकडचे मीटर, पंढरपूरकडचे अरुंद. माल एका डब्यातून उतरवायचा आणि दुसऱ्यात भरायचा. फोनच्या मार्गांवरही हेच चालायचं. चार टू एमबी मिळून ८.१९२ व्हायला हवेत, पण वरच्या पायरीचा वेग होता ८.४४८. कारण प्रत्येक प्रवाहाचं घड्याळ किंचित मागं-पुढं असायचं आणि ते जुळवायला भरीचे बिट घालावे लागत. पुढं ३४.३६८, मग १३९.२६४, प्रत्येक पायरीवर अशीच भर. यातला एखादा टू एमबी वाटेतल्या गावात उतरवायचा, तर अख्खं पोतं पायरीपायरीनं सोडायचं, हवं ते काढायचं आणि पुन्हा शिवायचं. प्रत्येक पायरीला वेगळा मक्स, म्हणजे मल्टिप्लेक्सर, लागायचा. फायबर जवळून जात असताना वाटेतली गावं कोरडी राहिली, त्यामागं मला हा उतरवण्याचा खर्च दिसतो. १९८८ च्या नव्या आंतरराष्ट्रीय मानकांनी सगळ्यांना एका घड्याळावर आणलं. १५५.५२ एमबीपीएसच्या एका प्रवाहात ६३ टू एमबी बसू लागले आणि त्यातला हवा तो थेट काढताही येऊ लागला.

गावाच्या बाजूला मात्र तांब्याची तारच होती. १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं, तेव्हा मोडेम संगणकाच्या बिटांचा आवाज करायचा आणि पुढं एक्स्चेंज त्या आवाजाचे पुन्हा बिट करायचं. या दुहेरी भाषांतरात वेग गळायचा. पुढं आलेला ५६ केबीपीएसचा मोडेमही याच मापातला: सेकंदाला ८,००० वेळा, पण आठांऐवजी सातच बिट. प्रत्यक्षात तेवढेही क्वचित मिळत.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं तेव्हा २५६ केबीपीएस हा आकडा केवढा मोठा वाटला! चार कॉल एवढंच ते माप. आठानं भागलं की सेकंदाला ३२ किलोबाइट. पाच एमबीचं गाणं ५६ च्या मोडेमवर बारा मिनिटं घ्यायचं, ते अडीच मिनिटांवर आलं. बिट आणि बाइट यांतला आठाचा भाग तेव्हा कुणी समजावून सांगत नसे. आपल्याला कमी वेग दिला, असं वाटून भांडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा राग खरा होता, फक्त भागाकार राहिला होता.

पण भागाकारानं न सुटणारंही काही होतं. तांब्याच्या तारेवर अंतर वाढलं की वेग घटतो. एक्स्चेंजच्या शेजारच्या घरात जी तार आठ एमबीपीएस देईल, ती चार-पाच किलोमीटरवर जेमतेम जोडणी टिकवते. त्यात आमच्याकडचा पावसाळा. खांबावरच्या डीपीत, म्हणजे तारांच्या जोडपेटीत, पाणी शिरलं की फोनवर खरखर सुरू व्हायची आणि मोडेमवरचा दिवा लुकलुकत राहायचा. लाइनमन भर पावसात चढून एकेक जोड पुसायचा. त्या माणसांच्या हातांवर गावाचं इंटरनेट चालत होतं.

२०२३ मध्ये सरकारनं ब्रॉडबँडची किमान मर्यादा दोन एमबीपीएस केली. पूर्वी ज्यावर तीस जण बोलत, जवळपास तेवढं आता एका जोडणीचं किमान माप. घरोघरी येणारं आजचं जीपॉन फायबर २.४८८३२ जीबीपीएसनं उतरतं आणि बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलं जातं. हा आकडा नीट पाहिला तर तो १५५.५२ च्या सोळापट निघतो. त्याला ६४,००० नं भागलं तर उत्तर नेमकं ३८,८८०, बाकी शून्य.

भिंतीवरच्या ओएनटीच्या, म्हणजे फायबर जिथं संपतं त्या डबीच्या, खाली इंटरनेटच्या तारेशेजारी एक लहान खाच असते, फोनची. आमच्या घरचा जुना फोन मी त्यात लावला आहे. वायर तांब्याची, दोनेक हातांची. पलीकडून कुणी ‘हॅलो’ म्हटलं की तो आवाज अजूनही बहुधा सेकंदाला आठ हजार वेळाच मोजलेला असतो.