स्पार्क प्लग : इंजिनाच्या प्रकृतीचा साक्षीदार

चढ लागताच मोटारसायकल आचके देऊ लागते, उभ्या गाडीच्या इंजिनाचा ठेका मोडतो आणि पेट्रोल अधिक जळूनही अंतर कमी पडते. इंजिन 'मिसिंग' करते, असे कारागीर म्हणतात. अशा वेळी बहुधा तत्काळ नवा प्लग बसविला जातो आणि कित्येकदा थोड्याच दिवसांत तीच तक्रार पुन्हा उद्भवते. याचे कारण असे की, प्लग हा नेहमीच दोषी नसतो. पुष्कळदा तो दोषाचा केवळ साक्षीदार असतो. म्हणून तो टाकून देण्यापूर्वी त्याची साक्ष घेणे अगत्याचे आहे.

ठिणगीचे कार्य

पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण पिस्टन दाबतो आणि नेमक्या क्षणी प्लगची ठिणगी ते पेटविते. एक सिलिंडर असलेले फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला २५ वेळा ज्वलन व्हावे लागते. त्यांपैकी काही चुकली की आचका बसतो. मिश्रण योग्य प्रमाणात असणे, सिलिंडरमध्ये पुरेसा दाब असणे आणि ठिणगी वेळेवर व जोरकस पडणे या तीन गोष्टी ज्वलनास आवश्यक आहेत. डिझेल इंजिनात मात्र दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटत असल्याने स्पार्क प्लग नसतो.

प्लग कसा वाचावा?

इंजिन थंड झाल्यावर प्लगभोवतीची धूळ प्रथम पुसून घ्यावी. अन्यथा ती सिलिंडरमध्ये पडते. नंतर प्लग पान्याने प्लग काढून त्याचे टोक पाहावे.

टोक फिकट तपकिरी वा राखाडी असेल, तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी बहुधा पेट्रोलाचे जादा प्रमाण किंवा चोंदलेला एअर फिल्टर दर्शविते. टोक तेलकट व ओले असल्यास पिस्टनच्या रिंगा अथवा व्हॉल्व्हची सिले झिजल्याचा संभव असतो. पांढरेफटक किंवा फोड आलेले टोक अतिउष्णतेची सूचना देते. मिश्रणात पेट्रोल कमी पडणे किंवा चुकीच्या क्रमांकाचा प्लग बसविणे ही त्याची कारणे असू शकतात. चिनी मातीच्या भागास तडा गेला असेल, तर मात्र प्लग बदललाच पाहिजे.

दोन टोकांमधील अंतर फिलर गेजने मोजावे. ते किती असावे हे वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक मोटारसायकलींत ते ०.७ ते ०.९ मिलिमीटरच्या आसपास असते.

निदानाचा क्रम

एका सिलिंडरच्या गाडीत त्याच क्रमांकाचा, खात्रीचा प्लग बसवून पाहावा. दोष कायम राहिल्यास प्लगची टोपी, वायर व कॉइल आणि त्यानंतर इंधनपुरवठा व सिलिंडरमधील दाब तपासावा. अनेक सिलिंडरांच्या मोटारीत संशयित प्लगची दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगशी अदलाबदल करावी. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग सदोष. जागीच राहिला तर कारण अन्यत्र शोधावे.

प्लग परत बसविताना प्रथम तो हातानेच फिरवावा व मगच पुस्तिकेनुसार आवळावा. सिलिंडर हेड बहुधा ॲल्युमिनियमचे असते. त्याचे आटे बिघडल्यास येणारा खर्च प्लगच्या किमतीच्या कित्येक पट असतो.

विलंब नको

१ एप्रिल २०२० पासून देशात लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या पेट्रोल वाहनांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. चुकलेल्या ज्वलनातील कच्चे पेट्रोल तेथे जाऊन जळते व हा महागडा भाग निकामी करू शकते. मोटारीतील इंजिनाचा इशारा-दिवा लुकलुकू लागल्यास वेग कमी करून शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी.

ग्रामसेवकाची मोटारसायकल असो वा शेतकऱ्याचा पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप, यंत्र ऐन कामाच्या वेळी बंद पडले की होणारी हानी केवळ दुरुस्तीच्या खर्चाएवढी नसते. आधी निदान व मग खर्च, हा क्रम पाळल्यास पैसा व वेळ दोन्ही वाचतील.