नायट्रो ट्रकसाठी इंजिन किती मोठे घ्यावे?

आमचा धंदा कापडाचा. तेव्हा रिमोटवर धावणाऱ्या ट्रकच्या इंजिनाविषयी आम्ही लेखणी उचलावी याचे वाचकांना नवल वाटेल. कारण घरचेच आहे. आमचा एक भाचा दुबईत नोकरीला आहे. त्याला या शर्यतींचा शौक लागला आणि पहिल्याच वर्षी त्याने जवळजवळ महिन्याचा पगार एका इंजिनावर घालवला. ते इंजिन त्याला शर्यतीत एकदाही पळवता आले नाही. इंजिन नवे होते, चांगल्या बनावटीचे होते, चालतही उत्तम होते. फक्त माप चुकले होते. माप चुकले की अव्वल दर्जाचा मालही पडून राहतो, हे कापडवाल्याला कोणी शिकवायला नको. त्यानंतर आम्ही या विषयाची जमेल तेवढी चौकशी केली. कोकणातली आणि मुंबईची पुष्कळ मुले आखातात आहेत, तिथे असे ट्रॅक आहेत आणि हा शौक स्वस्त नाही. म्हणून जे कळले ते इथे मांडतो.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. हे खेळण्यांच्या दुकानातले सेलवर चालणारे ट्रक नव्हेत. मोठ्या गाडीच्या एक दशांश किंवा एक अष्टमांश प्रमाणात केलेल्या या गाड्यांत खरे टू-स्ट्रोक इंजिन असते. त्याला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण लागते. त्यात नायट्रोमिथेनचे प्रमाण बहुधा २० ते ३० टक्के असते आणि त्यावरूनच 'नायट्रो' हे नाव पडले. ठिणगी पाडणारा प्लग यात नसतो, ग्लो प्लग असतो. त्यातली प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला बॅटरीने लाल करायची. एकदा इंजिन सुरू झाले की मिथेनॉलच्या संपर्काने आणि दाबाच्या उष्णतेने ती आपोआप तापलेली राहते.

नायट्रोमिथेन घालण्याचे कारण हवेच्या हिशेबात आहे. एक किलो पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा किलोच्या आत आणि नायट्रोमिथेनला १.७ किलोच्या आसपास. कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. म्हणजे सिलिंडरात हवा तेवढीच गेली तरी इंधन कितीतरी जास्त जाळता येते. लिंबाएवढ्या सिलिंडरातून एवढी ताकद निघते ती यामुळे. आणि टाकी भराभर रिकामी होते तीही यामुळेच.

आता मापाकडे येऊ. इंजिनावर १२, १५, १८, २१, २८ असे आकडे असतात. हे घन इंचाचे शतांश आहेत. एक घन इंच म्हणजे सुमारे १६.३९ सीसी. त्या हिशेबाने बाराचे इंजिन सुमारे २ सीसीचे, पंधराचे अडीच, अठराचे ३, एकवीसचे साडेतीन आणि अठ्ठावीसचे ४.६ सीसीचे. सुताच्या व्यापाऱ्याची इथे थोडी फसगत होते. सुतात काउंट वाढला की धागा बारीक होतो, ऐंशीचे सूत चाळीसपेक्षा तलम. इथे मात्र आकडा वाढला की इंजिन मोठे. भाच्याने फोनवर "मामू, अठ्ठावीसचं घेतलंय" असे सांगितले तेव्हा आमची कल्पना अशी की काहीतरी नाजूक चीज घेतली असावी.

इंजिन कोणते घ्यावे हा प्रश्न खरे तर दुसरा आहे. पहिला प्रश्न ट्रक कोणता आणि तो कुठल्या वर्गात उतरवायचा हा. ढोबळ मानाने तीन जाती आहेत. पहिली, एक दशांश मापाचा स्टेडियम ट्रक. याची फक्त मागची चाके ओढतात आणि वजन हलके असते. अमेरिकेत १९९० च्या दशकात टीम असोसिएटेडचा आरसी-१० जीटी हा याच जातीचा गाजलेला ट्रक होता आणि त्याला बाराचे इंजिन लागे. पुढे अशा ट्रकांना पंधरा आणि अठराचीही इंजिने आली. दुसरी जात एक अष्टमांश मापाची ट्रगी. हे नाव ट्रक आणि बगी जोडून झाले आहे. चारही चाके ओढतात, टायर बगीपेक्षा मोठे आणि बैठक रुंद. शर्यतीचा खरा नायट्रो ट्रक आज हाच. तिसरी जात मॉन्स्टर ट्रकची. ट्रॅक्सास कंपनीचा टी-मॅक्स १९९९ मध्ये पंधराच्या इंजिनासह आला, नंतर त्यात अडीच आणि मग ३.३ सीसीचे इंजिन बसले. एचपीआय कंपनीचा सॅव्हेज एकवीसवरून पंचवीसवर आणि पुढे ४.६ सीसीवर गेला. या जातीत माप वाढत गेले, कारण या ट्रकांचे काम उड्या मारणे आणि मैदानात धूळ उडवणे. शर्यतीचा नियम त्यांच्या आड येत नाही.

ट्रगीला मात्र नियम आहे. अमेरिकेतील रोअर या संघटनेने ट्रगीसाठी एकवीसची म्हणजे ३.५ सीसीची मर्यादा ठेवली आहे. जागतिक स्तरावर इफमार ही संस्था एक अष्टमांश बगीसाठीही साडेतीन सीसीच धरते, आणि क्लब आपले नियम बहुधा यांच्यावरूनच बेततात. तपासणीत कोणी आकड्यावर विसंबत नाही, सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल मोजतात. उदाहरणादाखल, व्यास १६.२७ मि.मी. आणि चाल १६.८ मि.मी. असेल तर गुणाकार ३.४९ सीसी येतो. बनवणाऱ्याने नियमाची हद्द केसाएवढी सोडून सगळी जागा वापरली आहे, हे लक्षात येईल.

भाच्याचे नुकसान नेमके इथे झाले. त्याने ट्रगी इंजिनाशिवाय घेतली होती, शर्यतीच्या ट्रगी तशाच मिळतात. दुकानदाराने सांगितले, एकवीसच्या जागी अठ्ठावीस बसव, एकही स्क्रू बदलावा लागणार नाही. हे खोटे नव्हते. एकवीस ते अठ्ठावीसची इंजिने बाहेरून जवळजवळ एकाच अंगाची असतात, बसवण्याची भोके सहसा जुळतात. बारा ते अठरा हा धाकटा कुटुंबकबिला तसाच वेगळा. एका कुटुंबातले इंजिन त्याच कुटुंबाच्या जागेत बसते, आणि मोठे इंजिन विकण्याची युक्ती याच्यावरच चालते. इंजिन बसले, ट्रक पळाला आणि शर्यतीच्या सकाळी तपासणीच्या टेबलावर परत आला.

कोणी म्हणेल, नियमाची अडचण नसती तर मोठे इंजिन चांगलेच की! आम्हालाही तसे वाटत होते. पण हॉर्सपॉवरचा आकडा एकटा पाहून चालत नाही. शर्यतीच्या एकवीसच्या इंजिनाला बनवणारे अडीच हॉर्सपॉवर किंवा थोडी अधिक ताकद सांगतात. भिवंडी-मालेगावचा साधा यंत्रमाग एक हॉर्सपॉवरच्या मोटारीवर चालतो. म्हणजे साडेतीन सीसीचे इंजिन दोन माग ओढील काय? ओढणार नाही. मागाची मोटार मिनिटाला दीड हजाराच्या आत फेरे घेते, हे इंजिन आपली ताकद तीस-तेहतीस हजार फेऱ्यांवर देते. ताकद म्हणजे पीळ गुणिले फेरे. हिशेब केला तर या इंजिनाचा पीळ मागाच्या मोटारीच्या नवव्या हिश्शाच्या आसपास भरतो. म्हणून त्याला गिअर लावून फेरे उतरवावे लागतात आणि पीळ वाढवावा लागतो.

अठ्ठावीसचे इंजिन लांब चालीचे असते. खालच्या फेऱ्यांवर त्याचा पीळ जास्त. जड मॉन्स्टर ट्रक जागेवरून उचलायला तो उपयोगी. सुट्या मातीच्या ट्रॅकवर मात्र टायर जेवढी पकड देईल तेवढाच पीळ कामाचा. त्याच्यावरचा पीळ चाक जागेवर फिरवतो, टायर झिजवतो, क्लच जाळतो आणि डिफरन्शिअलचे दात खातो. वळणातून बाहेर पडताना चालक घाबरून थ्रॉटल अर्धाच उघडतो. मग जास्तीच्या सीसीचे पैसे दिले कशासाठी?

उलट चूकही महाग पडते. जड ट्रकाला लहान इंजिन घातले तर ते सदा पूर्ण थ्रॉटलवर, सदा तापलेले. चार किलोच्या आसपासच्या ट्रगीला धाकट्या कुटुंबातले इंजिन लावण्याचा विचार कोणी करू नये. आणि दोन-अडीच किलोच्या स्टेडियम ट्रकावर एकवीसचे इंजिन चढवणेही तसेच. इंजिन एकटेच साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते, त्याने ट्रकाचा तोलच जातो. स्टेडियम ट्रकाला शर्यतीत क्लबच्या नियमाप्रमाणे बारा किंवा पंधरा, शर्यत नसेल तर फार तर अठरा.

एकवीस ठरले म्हणजे काम संपले असेही नाही. एकवीसमध्येही डांबरी ट्रॅकचे आणि मातीचे अशा दोन जाती आहेत. डांबरी ट्रॅकचे इंजिन वरच्या फेऱ्यांवर जोर धरते, खाली सुस्त असते. मातीवर उड्यांच्या आधी ताबडतोब ओढ लागते, तिथे ते कामाचे नाही. ट्रगीसाठी ऑफ-रोड इंजिन मागावे आणि ते मागच्या एक्झॉस्टचे असावे, कारण ट्रगीचा सायलेन्सर त्याच बेताने बसतो. सिलिंडरला तीन, पाच की सात पोर्ट यावर दुकानात फार बोलले जाते. नवख्याने त्यात डोके घालू नये, सौम्य स्वभावाचे इंजिन घ्यावे. आणखी एक गोष्ट: दोरी ओढून सुरू होणारे इंजिन स्वस्त आणि सोयीचे वाटते, पण शर्यतवाले स्टार्टर बॉक्स वापरतात. त्याचा खर्च आधीच धरावा.

इंधनाचा हिशेब तर आम्ही प्रत्येकाला पाटीवर मांडायला सांगू. ट्रगीची टाकी १५० सीसीची धरली आणि ती आठ ते दहा मिनिटे चालते असे मानले, तर एका अमेरिकन गॅलनमध्ये, म्हणजे ३.७८ लिटरमध्ये, पंचवीस टाक्या होतात. सगळे मिळून पावणेचार तासांच्या आसपास धाव. नव्या इंजिनाच्या पहिल्या काही टाक्या तर मुरवण्यातच जातात, तेव्हा वेग बघायचाही नाही. मोठ्या शर्यतीचा अंतिम फेरा अर्धा तास, पाऊण तास चालतो. तिथे दर आठ-नऊ मिनिटांनी इंधनासाठी थांबावे लागते. एक थांबा वाचला तर आघाडी मिळते. म्हणून जाणकार चालक कार्ब्युरेटरच्या तोंडात सात मि.मी.च्या आसपासचे अरुंद रिंग बसवून आपणहून इंजिनाचा घास कमी करतात. ज्यांना जिंकायचे असते ते ताकद कमी करतात हे पाहून भाच्याचे डोळे उघडले.

उष्णतेविषयी थोडे. या इंजिनांत ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह असते. रिंग नसते. स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती असते, त्यामुळे थंड असताना पिस्टन वर अडकतो. तापल्यावर पितळ अधिक फुगते आणि माप बरोबर बसते. म्हणून इंजिन फार थंड चालवणेही वाईट. डोक्याचे तापमान साधारण १०० ते १२५ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे आणि ते तापमापी गनने मोजावे. आखातात किंवा विदर्भात मे महिन्यात हवा विरळ असते, इंधन थोडे कमी करावे लागते. पण नवखा माणूस नीडल जास्तच आवळतो. आवाज सुरेख येतो, वेग वाढतो आणि दहा मिनिटांत पिस्टन कामातून जातो, कारण तेल इंधनातूनच येते. इंधन कमी म्हणजे तेलही कमी.

इंधन मायदेशी आणण्याचा विचार मुळीच करू नये. प्रवासी विमानात ते सामानातही चालत नाही आणि हातातही नाही. मिथेनॉल हे विष आहे. मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली, ती याच द्रव्यामुळे. महाराष्ट्रात त्याची विक्री आणि साठा परवान्याखाली येतो. शिवाय दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नये. ज्याला इथे गाडी चालवायची आहे त्याने आधी इंधन रीतसर कुठून मिळेल ते पाहावे, नाहीतर विजेवरची गाडी घ्यावी. ब्रशलेस मोटार आणि लिथियम बॅटरी आल्यापासून ती वेगात कमी पडत नाही आणि नवे गिऱ्हाईक बहुतेक तिकडेच वळते.

त्यामुळेच जुनी नायट्रो इंजिने पुष्कळ विकायला निघतात. भाच्याने शेवटी असेच एक ऑफ-रोड एकवीस घेतले, अठ्ठावीस एका मॉन्स्टर ट्रकवाल्याला तोटा सोसून दिले. जुने घेताना इंजिन थंड असल्याची खात्री करावी, ग्लो प्लग घट्ट बसवावा आणि फ्लायव्हील हाताने फिरवावे. पिस्टन वरच्या टोकाला येताना जोर लावावा लागला तर स्लीव्हमध्ये जीव शिल्लक आहे. थंड असूनही ते मऊपणे फिरून गेले तर पिस्टन-स्लीव्हचा नवा जोड घालावा लागेल. त्या जोडाची किंमत आधी विचारावी आणि मगच इंजिनाचा भाव बोलावा.