सिड सॅक्सन: दिवसा इंजिनिअर, रात्री खेळांचा माणूस

ज्यांना ऑडिओ ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर.

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. लहानपणी सुट्टीत तुम्ही ‘व्यापार’ खेळला असाल. तो खेळ कुणी बनवला, सांगता येईल? नाही ना? पुस्तकावर लेखकाचं नाव असतं, सिनेमात दिग्दर्शकाचं असतं. खेळाच्या खोक्यावर मात्र बहुतेक वेळा कंपनीचंच नाव. जणू खेळ आपोआप तयार होतात!

आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय, त्यांनी आयुष्यभर खेळ बनवले आणि इतरांनी बनवलेल्या खेळांबद्दल लिहिलंसुद्धा. सिड सॅक्सन. जन्म 1920, शिकागो. आयुष्याचा मोठा काळ न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गेला.

नोकरी सोडली, पण कधी?

‘पॅशन फॉलो करा, नोकरीला लाथ मारा’ असले रील्स आपण रोज बघतो. सॅक्सन यांनी तसं केलं नाही. ते सिव्हिल इंजिनिअर होते. दिवसा ऑफिस, आणि उरलेल्या वेळात खेळ. 1970 साली, म्हणजे पन्नाशीला आल्यावर, त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्णवेळ या क्षेत्रात उतरले. तोवर त्यांचा सगळ्यात गाजलेला खेळ बाजारात येऊन 6 वर्षं झाली होती.

तो खेळ म्हणजे ‘अक्वायर’, 1964. काढला कुणी? थ्रीएमने! हो, तीच चिकटपट्टी आणि स्कॉचब्राइटवाली कंपनी. तेव्हा ते पुस्तकासारख्या दिसणाऱ्या खोक्यांतून मोठ्यांसाठी खेळ विकायचे, म्हणजे कपाटात पुस्तकांशेजारी उभे ठेवता यावेत.

अक्वायरमध्ये एवढं काय आहे?

लहानपणी सॅक्सन यांनी लोटोच्या आकड्यांवरून स्वतःच एक युद्धाचा खेळ रचला होता. मोठेपणी त्याच कल्पनेचं अक्वायर झालं. पटावर 108 घरं, आणि प्रत्येक घराची एक टाइल. शेजारीशेजारी टाइल्स पडल्या की हॉटेलची साखळी तयार होते. तुम्ही तिचे शेअर घेता. दोन साखळ्या एकमेकींना भिडल्या की मोठी लहानीला गिळते.

आता गंमत बघा. ‘व्यापार’मध्ये आपली मालमत्ता वाचवायची धडपड असते. इथे उलटं! लहान साखळीत ज्याचे सगळ्यात जास्त शेअर, त्याला विलीनीकरणात मोठा बोनस. दुसऱ्या नंबरवाल्यालाही काही मिळतं. तोवर तुमचा पैसा शेअरमध्ये अडकलेला, खिसा रिकामा. म्हणून आपलीच कंपनी कधी एकदा बुडते याची तुम्ही वाट बघत बसता. नियम थोडेसेच, पण डोकं पूर्ण कामाला लागतं.

‘कान्ट स्टॉप’ (1980) त्याहून सोपा. चार फासे टाका, त्यांच्या दोन जोड्या करा, बेरीज येईल त्या रांगेत पुढे सरका. दोन फाशांवर 7 यायचे 36 पैकी 6 मार्ग, 12 यायचा फक्त 1. म्हणून 7 ची रांग 13 घरांची आणि 12 ची फक्त 3 घरांची. पुढे टाकायचं की थांबायचं, हे तुमच्यावर. चालता येईल अशी एकही जोडी आली नाही, तर त्या डावातली सगळी कमाई पाण्यात. शाळेतलं संभाव्यतेचं गणित, पण छातीत धडधड होते!

दुसरी बाजू: लिहिणारा माणूस

1969 मध्ये त्यांचं ‘अ गॅमट ऑफ गेम्स’ हे पुस्तक आलं. पत्ते, फासे, कागद-पेन्सिल अशा घरातल्या सामानावर खेळता येणारे खेळ त्यात होते. काही त्यांचे स्वतःचे, बरेच इतरांचे. आणि प्रत्येक खेळ कुणाच्या डोक्यातून आला, तेही सांगितलेलं. सोबत बाजारातल्या खेळांची छोटी परीक्षणं. पुढे ‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’ मासिकात त्यांचं सदर चालायचं.

तुम्ही म्हणाल, स्वतः खेळ बनवणाऱ्यानं दुसऱ्याच्या खेळाचं परीक्षण करायचं? हा हितसंबंधांचा घोळ नाही का? प्रश्न रास्त आहे, आणि आजच्या यूट्यूबर्सनाही लागू आहे. पण छंदाच्या सुरुवातीच्या काळात लिहिणारे आणि बनवणारे बहुधा तेच मूठभर लोक असतात. त्यांनी नावं लिहिली नसती, तर ती हरवलीच असती.

पुढे जर्मनीत हा नावाचा मुद्दा पेटला. 1988 मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळणी मेळ्यात काही डिझायनर्सनी बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर सह्या केल्या: खोक्यावर आमचं नाव नसेल, तर खेळ देणार नाही. त्याच जर्मनीत समीक्षकांची ज्युरी देते तो ‘श्पील देस यारेस’ पुरस्कार 1981 साली सॅक्सन यांच्या ‘फोकस’ला मिळाला होता.

संग्रह गेला, वह्या राहिल्या

ब्राँक्समधलं त्यांचं घर खेळांनी भरलेलं होतं. अंदाजे 18,000 खेळ! हा संग्रह एकत्र राहावा, एखाद्या संग्रहालयात जावा, ही त्यांची इच्छा. तसं झालं नाही. 2002 मध्ये ते गेले आणि संग्रह लिलावात तुकड्यातुकड्यांनी विकला गेला.

वाईट वाटतं ना? पण एक गोष्ट वाचली. 1963 पासून ते रोजनिशी लिहीत. आज कुणाशी बोललो, कुठला खेळ खेळलो, कुणाला पत्र पाठवलं. त्या डायऱ्या आज रोचेस्टरच्या ‘द स्ट्राँग’ या खेळांच्या संग्रहालयात आहेत. एक खेळ कल्पनेपासून दुकानापर्यंत कसा पोहोचतो, हे त्यातून दिवसागणिक कळतं. हजारो खोकी पांगली आणि साध्या नोंदी टिकल्या.

तर या रविवारी काहीही खेळा. अगदी मेंढीकोट चालेल. खेळून झाल्यावर तीनच ओळी लिहा: मजा कुठे आली, कंटाळा कुठे आला, कोणता नियम बदलला असता. तुमच्या घरी किंवा गल्लीत कुणी स्वतः रचलेला खेळ असेल, तर त्याच्या नावासकट लिहून ठेवा.

भेटूया पुढच्या भागात. तोवर, खेळत राहा!