बॅटरी निर्दोष आहे

आमचं रत्नागिरीकडचं घर वर्षातले दहा महिने बंद असतं. मागच्या डिसेंबरात ओटीवर बॅटरीचा कॅमेरा लावला. खोक्यावर छापलं होतं, ‘एका चार्जिंगमध्ये सहा महिने’. अकराव्या दिवशी मोबाइलवर लाल खूण आली आणि बाराव्या दिवशी कॅमेरा ऑफलाइन झाला. शेजारच्या दादांनी तो उतरवून, चार्ज करून परत लावला. पुन्हा तीच गत. मी दुकानदाराशी फोनवर कडाकडा भांडलो. बिचाऱ्याची काही चूक नव्हती. खाली ज्या समजुती दिल्या आहेत, त्यातल्या बहुतेक तेव्हा माझ्याच होत्या.

गैरसमज : बॅटरी लवकर उतरते, म्हणजे बॅटरीच खराब.

वस्तुस्थिती : बॅटरीवरचे बहुतेक कॅमेरे दिवसभर रेकॉर्डिंग करत नाहीत, झोपलेले असतात. जागा असतो तो समोरच्या उष्णतेतला बदल टिपणारा एक छोटा सेन्सर. त्याला वीज नगण्य लागते. माणूस, कुत्रं, गाडी समोरून गेली की तो कॅमेऱ्याला उठवतो. कॅमेरा थोडा वेळ चित्रण करतो, वाय-फायवरून पाठवतो आणि परत झोपतो. खोक्यावरचे सहा महिने हे दिवसातून मोजक्याच वेळा उठणाऱ्या कॅमेऱ्याचे असतात.

आमच्या कॅमेऱ्याचं तोंड होतं वाडीच्या रस्त्याकडे. शाळेची पोरं, दूधवाला, रिक्षा. त्यात घर बंद म्हणून आमच्या खळ्यात शेजारच्या काकूंच्या साड्या वाळत पडायच्या. उन्हानं तापलेली साडी वाऱ्यावर हलली की सेन्सरला वाटायचं, कुणी आलं. अ‍ॅपमधली यादी उघडली, तर एका दिवसात १४० क्लिपा! रात्री अंधारात दिसावं म्हणून इन्फ्रारेड दिवे लागतात, तो खर्च वेगळा. उरलीसुरली कसर मी भरून काढत होतो. आंबा मोहरला का, हे बघायला दिवसातून पाच-सहा वेळा ‘लाइव्ह’ उघडायचो. लाइव्ह चालू असेपर्यंत कॅमेऱ्याला झोप नाही.

दादांनी कॅमेरा खाली झुकवून दाराकडे वळवला, काकूंनी दोरी पलीकडे बांधली. अ‍ॅपमध्ये नको तो भाग वगळायची सोय असते, पण काही कॅमेऱ्यांत तो भाग वगळला तरी सेन्सर उठायचा तो उठतोच, फक्त सूचना येत नाही. तोंड फिरवणं जास्त खात्रीचं.

गैरसमज : बॅटरीचा प्रश्न वेगळा, रेंजचा वेगळा.

वस्तुस्थिती : पुष्कळदा दुखणं एकच असतं. सिग्नल क्षीण असला की तीच क्लिप पाठवायला जास्त वेळ लागतो, वाटेत हरवलेला भाग पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो आणि तेवढा वेळ बॅटरी जळत राहते. बऱ्याच अ‍ॅपमध्ये सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६५ चालेल, उणे ७५च्या खाली गेला की रडकथा सुरू. दर तीन अंकांनी ताकद निम्मी होते, हे लक्षात ठेवलं की आकड्यातला फरक किती मोठा ते कळतं. आमच्या ओटीवर उणे ७८ होते, कारण राऊटर माजघरात आणि मध्ये हातभर जाडीची चिऱ्याची भिंत. पावसाळ्यात हाच चिरा पाणी पितो आणि ओली भिंत सिग्नल जास्त अडवते. राऊटर ओटीकडच्या खिडकीत आणला, आकडा उणे ६१वर आला. खर्च शून्य.

गैरसमज : ५ गिगाहर्ट्झचा महागडा राऊटर घेतला की कॅमेरा सुटला.

वस्तुस्थिती : ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण भिंतीपुढे लवकर दमतं. बॅटरीचे बरेचसे कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राऊटर दोन्हींना एकच नाव देत असेल, तर पहिल्यांदा जोडताना कधीकधी कॅमेरा सापडतच नाही. नावं वेगळी करा, मोबाइलही २.४वर घ्या. शहरातल्या सोसायटीत शेजाऱ्यांचे राऊटर एकमेकांवर ओरडत असतात. तिथे चॅनल १, ६, ११ यांपैकी कमी गर्दीचा निवडावा.

सिग्नल पुढे पाठवणाऱ्या रिपीटरबद्दलही असाच गैरसमज. जिथे रेंज नाही तिथेच लोक तो लावतात. जे त्याला ऐकूच येत नाही, ते तो पुढे काय सांगणार? तो मधल्या वाटेवर हवा.

गैरसमज : सोलर पॅनेल लावलं की मिटलं.

वस्तुस्थिती : माडाची सावली दुपारी कुठे पडते ते आधी बघा. आपल्याकडे पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं. जून ते सप्टेंबर त्याच्यावर फार विसंबू नये, आणि पावसानंतर काचेवरचं शेवाळ पुसावं. पॅनेल नसेल, तर बॅटरी पूर्ण संपेपर्यंत थांबण्याची गरज नाही. ती सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांची. लिथियमला २०-३० टक्क्यांवर चार्जिंगला लावलेलंच बरं.

गैरसमज : लाईट गेली तरी बॅटरीचा कॅमेरा चालूच.

वस्तुस्थिती : कॅमेरा चालू, राऊटर बंद. मग सूचना येणार कुठून? शिवाय कॅमेरा हरवलेलं वाय-फाय शोधत राहतो आणि त्यातही बॅटरी जाते. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असेल, तर निदान चित्रण जागेवर राहतं. राऊटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस जोडला की काही तास निभावतात. घरी फायबरचं नेट असेल, तर फायबरची तार जिथे येते तो भिंतीवरचा वेगळा डबाही यूपीएसवर घ्यावा, नाहीतर राऊटर जागा आणि नेट गायब.

पुढच्या खेपेला गावी गेलात की मेन स्विच पाडा, मोबाइलचं वाय-फाय बंद करा आणि कुणाला तरी कॅमेऱ्यासमोरून चालायला लावा. मोबाइलवर सूचना आली नाही, तर लाईट गेलेल्या रात्री तुमचं घर कुणीच बघत नाही.