दुसरी प्रत कुठं ठेवायची?

कळंब्यातल्या मंडळींनो, २०१९ चा महापूर आठवतोय ना? पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं. सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल, तर अशा वेळी दोन्ही बुडणार. म्हणून क्लाउड निवडताना आधी दर विचारू नका. दुसरी प्रत कुठं राहणार, ते विचारा. अ‍ॅमेझॉनची डेटा सेंटरं मुंबईत २०१६ पासून आहेत, हैदराबादेत २०२२ पासून. बिलिंग मुंबईत चालवा, रोजची प्रत हैदराबादेत. ती आपोआप जात नाही बरं का, सेटिंग आपणच करायची, पाठवायचे पैसेही पडतात. दरपत्रकात डेटा बाहेर काढायचा खर्च बघा. आत टाकणं बहुधा फुकट, बाहेर काढताना मीटर फिरतो. जुना सर्व्हर बंद करण्याआधी प्रत उघडून महिन्याचा हिशेब जुळवून पाहा.