लॅपटॉप जवळ ठेवावा की सामानात?

विमानतळावरील तपासनीस चाकू जवळ बाळगू देत नाही. तो मोठ्या सामानात टाकावा लागतो. पॉवर बँकेचे नेमके उलट! ती सामानातून काढून जवळ ठेवावी लागते. हा उलटा न्याय का? चाकूचा धोका तो हाती धरणाऱ्यापासून असतो, बॅटरीचा धोका खुद्द बॅटरीतच असतो. पण एकाच वस्तूत दोन्ही धोके असतील तर काय करावे? असा पेच 2017 साली खरोखरच पडला होता.

फेब्रुवारी 2016 मध्ये सोमालियातील मोगादिशूहून निघालेल्या एका विमानात स्फोट झाला. बाँब लॅपटॉपमध्ये दडवला असावा, असा संशय होता. विमानाला मोठे भोक पडले, तरी ते सुखरूप उतरले, कारण ते अजून फार उंच गेले नव्हते. सुमारे 11 किलोमीटर उंचीवर बाहेरील हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या पाव हिश्श्याहूनही कमी असतो, तर विमानात तो पाऊण हिश्श्याच्या आसपास राखलेला असतो. या फरकामुळे विमानाच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून सुमारे 5 टन वजनाइतका जोर पडतो. तेथे तेच भोक पडते तर काय झाले असते, याची कल्पना तुम्हीच करा.

मार्च 2017 मध्ये अमेरिकेने दुबई, दोहा यांसह 10 विमानतळांवरून थेट येणाऱ्या विमानांत मोबाइलपेक्षा मोठी विद्युत्-उपकरणे जवळ बाळगण्यास बंदी घातली. लॅपटॉप सामानात गेले. आता आगीचे तज्ज्ञ चिंतेत पडले!

त्याचे कारण पाहू. 20,000 मिलिअँपिअर-तास क्षमतेची, 3.7 व्होल्टची बॅटरी घ्या. 20 × 3.7 = 74 वॅट-तास, म्हणजे सुमारे 2,66,000 ज्यूल ऊर्जा. एवढ्या ऊर्जेने 25 अंश सेल्सिअसचे पाऊण लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. लिथियम बॅटरीत आतल्या आत विद्युत्-मंडल जुळले, की ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने झपाट्याने बाहेर पडते. एक घट तापला की शेजारचाही तापतो.

सामानाच्या कप्प्यात आग विझवण्यासाठी हॅलॉन वायू सोडतात. तो ज्वाला विझवतो. पण तापलेल्या घटातील रासायनिक क्रिया थांबवण्याइतका गारवा देत नाही. ते काम पाणी करते, आणि पाणी ओतायला माणूस जवळ हवा. अमेरिकी विमान प्रशासनाच्या एका चाचणीत बॅगेतील लॅपटॉपची बॅटरी मुद्दाम तापवली, तेव्हा शेजारचा केसांच्या फवाऱ्याचा डबा मिनिटाच्या आत फुटला.

अखेर विमानतळांवरील तपासणी कडक करण्यात आली आणि जुलै 2017 पर्यंत त्या विमानतळांवरील बंदी उठली. दाराशीच नीट तपासणी केली, तर वस्तू जवळ ठेवता येते, हा या वादाचा निष्कर्ष.

जवळ म्हणजे मात्र नजरेसमोर. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियातील बुसान येथे उड्डाणाच्या तयारीत असलेले एक विमान जळाले. प्रवासी बचावले, संशय पॉवर बँकेवर गेला. तेव्हापासून त्या देशात ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू देत नाहीत.

आता एक काम करा. घरातील पॉवर बँकेवरचे आकडे वाचून तिचे वॅट-तास काढा. विमानात 100 वॅट-तासांपर्यंतची बॅटरी सहसा चालते. तुमची बसते का त्या मर्यादेत?