पाणी चढवणारा बंबा

मुघलांच्या दख्खनी राजधानीतल्या इमारतींवर लिहायला संपादकांनी मला पाठवलं. मोखाड्याहून त्र्यंबक, नाशिक करत आजच्या छत्रपती संभाजीनगरात पोहोचलो. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला सुभेदार औरंगजेबाने १६५३ मध्ये औरंगाबाद नाव दिलं. पुढे बादशहा होऊन दक्षिणेत आल्यावर सुरुवातीला त्याचा मुक्काम इथेच पडला. त्याच्या बेगमेचा, दिलरस बानूचा मकबरा, म्हणजे अताउल्लाचा आराखडा आणि हंसपतरायांची देखरेख, मन भरून पाहिला. पण पाय थांबले ते पाणचक्कीपाशी.

बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळची ही चक्की १७४४ मध्ये तुर्कताज खानाने उभारली. ना बैल, ना इंजिन. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी काही किलोमीटर जमिनीखालून येतं, उंच भिंतीत चढतं, वरून हौदात धबधब्यासारखं कोसळतं. त्याच पाण्यावर लोखंडी पात्यांचं चाक फिरायचं आणि वरचं जातं दळायचं. हौदाच्या खाली खांबांचा दिवाणखाना आहे. डोक्यावर एवढं पाणी असल्यामुळे तो उन्हाळ्यात गार राहतो.

पाणी चढतंच कसं, हे मी कितीतरी वेळ समजून घेत उभा होतो. झरा भिंतीच्या माथ्याहून उंच. बंद नळातून उतरलेलं पाणी जवळजवळ तेवढ्याच उंचीवर परत जायला बघतं. पण वाटेत हवा अडली तर धार तुटते आणि दाब साचला तर खापराचा नळ फुटतो. म्हणून ठिकठिकाणी उंच, उघड्या तोंडाचा मनोरा: बंबा. पाणी त्यात वर येतं, हवा सोडतं, दाब कमी करतं आणि पुढचा रस्ता धरतं. मलिक अंबरच्या नहरीपासून, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या वाटेपासून, या शहराने हे पाण्याचं ज्ञान जपलं. माझ्या लेखी मकबऱ्याच्या घुमटापेक्षा हा बंबा मोठा.

मात्र नहरी आता खचत चालल्या आहेत. रस्त्यांच्या खोदकामात नळ फुटतात, वरच्या झडपा घरांखाली गाडल्या जातात, गाळ काढायला माणूस उतरत नाही. आणि या ज्ञानाची गरज फक्त इथेच नाही. या शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आमच्या जव्हार-मोखाड्यात दोन हजारांहून जास्त, तरी उतार आणि काळा पाषाण तो धरून ठेवत नाहीत. उन्हाळा लागला की विहिरी तळ दाखवतात, बाया डोक्यावर हंडे घेऊन झिऱ्याशी रांग लावतात, पाड्यावर टँकरची वाट बघतात. मोखाड्यातच मध्य वैतरणेचं धरण उभं आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं. डोंगरात वर झरा आणि खाली पाडा, म्हणजे अशी नहर चालू शकेल अशा जागा आमच्याकडे कितीतरी आहेत.

पाड्यांसाठी नळयोजना आखणाऱ्या अभियंत्यांना एकच विनंती: कागद पुढे सरकवण्याआधी एक दिवस काढा, पाणचक्कीच्या नहरीबरोबर झऱ्यापर्यंत चालत जा, आणि वाटेतला बंबा हात लावून बघा.